पुढे वाढलेलं ताट

१८ ऑक्टोबर : शुभवर्तमानकार संत लूक यांचा सण
आजचं शुभवर्तमान : लूक १०:१-९



संत लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशू सारखा कुणाच्या तरी घरी जेवताना दिसतो. लेवीकडे मेजवानी, शिमोन परुश्याकडे जेवण, मार्थेच्या घरची ती धावपळ. जक्कयला तर झाडाखालूनच सांगितलं, आज मुक्काम तुझ्याकडे. पुनरुत्थानानंतरसुद्धा तो शिष्यांकडे खायला मागतो आणि ते त्याला भाजलेल्या माशाचा तुकडा देतात.

आज प्रभू बहात्तर जणांना दोघेदोघे करून पाठवतो. थैली नको, झोळी नको, वहाणा नकोत. ज्या घरात जाल तिथे आधी शांती असो म्हणा, त्याच घरी राहा, ते देतील ते खा-प्या. आठव्या वचनात पुन्हा तेच, पुढे ठेवतील ते खा. आजाऱ्यांना बरं करा, देवाचं राज्य जवळ आलंय असं सांगा, हे त्याच्यानंतर, नवव्यात. जेवण आधी आणि प्रवचन नंतर, हा क्रम इतकी वर्षं वाचूनही माझ्या ध्यानात आला नव्हता. तो आला इटलीत, बोलोन्यातल्या एका स्वयंपाकघरात.

माझी भाची वसईहून नर्स म्हणून तिकडे गेली, लग्नही तिथेच झालं. ईस्टरनंतर मी तिच्याकडे गेलो होतो. रविवारची मिस्सा झाली की सगळं कुटुंब जावयाच्या आजीकडे जेवायला. तिला सगळे नोन्ना म्हणतात, म्हणजे आजीच. नोन्ना सकाळीच कामाला लागलेली. शंभर ग्रॅम पिठाला एक अंडं, या मापाने मळलेला गोळा, आपल्या लाटण्याच्या दुप्पट-तिप्पट लांब लाटण्याने तिने इतका पातळ लाटला की खालचा हात दिसावा. मग त्याच्या पट्ट्या कापल्या, त्या ताल्यातेल्ले. (या पट्टीची शिजल्यावरची रुंदी आठ मिलिमीटर असावी, अशी नोंद बोलोन्याच्या व्यापारी मंडळाकडे १९७२ साली झाली आहे. नोन्नाने पट्टी लावून मोजलं नाही एवढं खरं.) शेजारी खिम्याचा रागू मंद आचेवर रटरटत होता. पाण्याला उकळी आलेली, पण पास्ता काही टाकेना. शेवटी नातवाचा वाटेतून फोन आला, ‘बुत्ता ला पास्ता’, टाक पास्ता. तेव्हा तो पाण्यात पडला. माणूस बसला की तव्यावर भाकरी पडते, आपल्याकडे तशीच रीत.

मी पोटभर जेवलो. हे नुसतं पहिलं वाढप आहे, हे मला कुठे ठाऊक! मागून भाजलेलं मांस आलं, बटाटे आले, सॅलड आलं. मी ताटावर हात आडवा धरला, नको म्हटलं. नोन्ना डाव हातात धरून तशीच उभी राहिली, मग भाचीला हळूच काहीतरी बोलली.

‘मामा, ती विचारतेय, तुम्ही तिच्यावर रागावलात का?’

मी हात काढला. वाढलेलं सगळं खाल्लं, ताटातला रस्सा पावाने पुसून घेतला. त्याला ते स्कार्पेत्ता म्हणतात, छोटा जोडा. नोन्ना खुशीत हसली. मला मात्र घास गिळताना दुसरंच ताट दिसत होतं.

अकरा वर्षांपूर्वी वाडीच्या वाटणीवरून आणि विहिरीच्या पाण्यावरून माझं आणि दादाचं बिनसलं. त्या नाताळात वहिनीने पुतण्याच्या हाती झाकलेलं ताट पाठवलं. मी झाकणही न काढता परत केलं, ‘सांग, आम्ही जेवलोय.’ आम्ही जेवलो नव्हतो. पुढच्या वर्षी ताट आलं नाही. एकाच वेदीवरून आम्ही दोघे ख्रिस्तप्रसाद घेत होतो, तो तिसऱ्या बाकावरून, मी सातव्या. आणि रोज इथे हे चिंतन लिहीत होतो!

झोळी का नको, हे मला आता थोडं कळतंय. शिष्यांकडे स्वतःची शिदोरी असती, तर ते उंबऱ्याबाहेरूनच शांती सांगून पुढे गेले असते. उपाशी माणसाला दार वाजवावं लागतं, दुसऱ्याच्या हातचं घ्यावं लागतं, त्याचं मीठ कमी-जास्त असलं तरी. मी दादासाठी प्रार्थना रोज करायचो. त्याच्या घरचा घास घेणं तेवढं जमत नव्हतं, कारण घेतला की मी त्याच्या उपकारात आलो.

वाटणीचं काही मिटलेलं नाही, ते वकिलांकडेच आहे. पण काल पुतण्याला निरोप दिला, उद्या दुपारी तुमच्याकडे जेवायला येतो, चालेल का विचार. रात्री उशिरापर्यंत उत्तर नव्हतं. मला वाटलं, आता माझं ताट परत आलं.

आज सकाळी मिस्सेहून येताना पुतण्या गेटपाशी उभा होता. वहिनीने विचारलंय, नक्की किती वाजता येणार, म्हणजे तवा तेव्हाच ठेवते.