चांदरचा नंदी आणि झेवियर्सचे फादर

गोव्यातल्या चांदर गावात शिर तुटलेला एक दगडी नंदी आहे. चांदर म्हणजे जुनं चंद्रपूर, आधी भोजांची आणि पुढे कदंबांची राजधानी. १९२९ साली तिथे खोदकाम करून शिवमंदिराचे अवशेष उजेडात आणले ते फादर हेन्री हेरास यांनी. राज्य पोर्तुगिजांचं, आणि मातीखालचं देऊळ शोधणारा माणूस जेझुइट धर्मगुरू! कॅथलिक धर्मगुरू आणि गोव्याचा इतिहास हे शब्द एकत्र आले की आपल्याला आधी इन्क्विझिशन आठवतं. ते विसरूही नये. पण हेरास यांच्याविषयी कुणी विचारलं, तर मी आधी हा नंदी दाखवेन.

हेरास १८८८ साली बार्सिलोनात जन्मले. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी मुंबईतल्या जर्मन जेझुइटांना काम करू दिलं नाही. त्यांची जागा पुढे स्पॅनिश जेझुइटांनी घेतली. त्यांच्यातलेच एक हेरास १९२२ साली सेंट झेवियर्स कॉलेजात आले. कोणता इतिहास शिकवणार, तर भारताचा. त्यातलं काय येतं, तर काहीच नाही. मग कसं करणार, तर शिकून घेईन, अशी त्यांच्या सुरुवातीच्या दिवसांची गोष्ट सांगतात. चौतिशीतल्या शिकल्यासवरल्या माणसाने पुन्हा पाटी-पेन्सिल हातात घ्यायची, यातलं मोठेपण मला त्यांच्या ग्रंथांइतकंच मोलाचं वाटतं.

१९२६ साली त्यांनी कॉलेजातच भारतीय इतिहासाची संशोधन संस्था काढली. आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पुढच्याच वर्षी विजयनगरच्या अरविडु घराण्यावरचा त्यांचा ग्रंथ आला. १५६५च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगर संपलं, असं आपण शाळेत शिकतो. हेरास यांनी नेमका त्यापुढचा काळ हाती घेतला. या घराण्याच्या चंद्रगिरीच्या दरबारात वावरलेल्या जेझुइटांची पत्रं त्यांनी काढली आणि ती दक्षिणेतल्या शिलालेखांशेजारी ठेवून वाचली. मिशनऱ्यांच्या कागदांतून एका हिंदू राज्याचा उत्तरकाळ पुन्हा उभा राहिला.

सिंधू लिपीच्या बाबतीत मात्र ते फसले. ही लिपी कोरलेल्या मुद्रांची भाषा द्राविडी, हा त्यांचा तर्क आजही अनेक अभ्यासक विचारात घेतात. पण १९५३च्या मोठ्या ग्रंथात त्यांनी मुद्रांमागून मुद्रा सबंध वाक्यांसह वाचून दाखवल्या, आणि ते वाचन टिकलं नाही. टिकला तो एक मासा. तमिळमध्ये ‘मीन’ म्हणजे मासा आणि ‘मीन’ म्हणजे ताराही. मग मुद्रेवरचा मासा हा आकाशातला तारा असेल का? हडप्प्याच्या एका मुद्रेवर सात उभ्या रेघा आणि एक मासा, एवढंच कोरलेलं आहे. सात म्हणजे ‘एळु’; आणि ‘एळुमीन’ हे सप्तर्षींचं जुनं तमिळ नाव! फिनलंडचे आस्को पारपोला यांनी पुढे याच धाग्यावर वर्षानुवर्षं काम केलं आणि हेरास यांचं ऋण मानलं. लिपी अजून सुटलेली नाही, त्यामुळे हाही तर्कच. पण आपण पत्रिकेत मीन रास लिहितो, तो शब्द इतका जुना असू शकतो या विचाराने मी आजही थबकतो.

धर्माच्या बाबतीतही त्यांची नजर अशीच मोकळी होती. गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांनी मरियेला साडी नेसवली, तेव्हा त्यांच्याच धर्मबांधवांना ती खुपली. हेरास फोन्सेकांच्या पाठीशी राहिले.

१९५५च्या डिसेंबरात ते मुंबईतच वारले. तोवर त्यांच्या हाताखालून इतिहासाच्या विद्यार्थ्यांची एक पिढी तयार झाली होती. त्यांपैकी जॉर्ज मोराएस यांनी कदंबांचा इतिहास लिहिला, तो ग्रंथ १९३१ साली निघाला. चांदरला कुदळ पडून तेव्हा दोन वर्षं झाली होती.