शीव ओलांडावी

वारकरी सज्जनहो, मुंबई बेटाची जुनी वेस ती शीव. शीव म्हणजे सीमा, पलीकडे साष्टी. येथील एका वृद्ध माळकऱ्यांनी आम्हांस विचारले, "बुवा, गुडघे गेले. यंदा पोरगा विमानानं पुण्याला नेतो म्हणतो. माझी वारी मोडली काय हो?"

आधी हिशेब पाहू. साष्टीतल्या सांताक्रूझच्या विमानतळापासून पुण्याचा लोहगावचा विमानतळ सरळ रेषेत सुमारे 125 किलोमीटर. हवेत अर्धा-पाऊण तास पुरे. ताटकळण्यातच त्याहून अधिक वेळ जातो! उलट आळंदी ते पंढरी सुमारे 250 किलोमीटर. माउलींची पालखी त्यास 18-20 दिवस घेते. मग ती मागे पडली काय? छे! वाटेवर 'मी'पण झिजावे, अनोळख्याच्या पाया पडावे, मिळेल ती भाकर वाटून खावी, म्हणून ते दिवस.

आणि लोहगाव तरी कुठले? तुकोबारायांचे आजोळ! तेथे त्यांची कीर्तने होत. त्या भूमीवर उतरताना 'मी विमानाने आलो' हा ताठा राहिला, तर अंतर तसूभरही कमी झाले नाही. मनाने माथा टेकला, तर गुडघे गेले तरी वारी घडली.

तेव्हा बाबा, खुशाल जा. मात्र ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी चालावे. अहंकाराची शीव ज्याची त्यानेच ओलांडायची. तेथे विमान चालत नाही. रामकृष्णहरि!