उंदीर, विष आणि पहिले शील

जीवहिंसेपासून अलिप्त राहण्याचे पहिले शील आपण घेतो. मग शेतातल्या उंदरांचे काय? त्यांनी दाणा खाल्ला तर लेकरे उपाशी राहतात. बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. पण गरज ठरवायची कशी? झिंक फॉस्फाइड वापरताना आधी दोन-तीन दिवस बिनविषारी भरडा ठेवतात; उंदराचा विश्वास बसला की त्यातच विष कालवतात. ते कालवताना माझा हात अडखळला. बांधावरचे गवत काढले होते काय? बिळे बुजवली होती काय? धामण दिसताच काठी उचलणे थांबवले होते काय? नाही. तेव्हा ती गरज नव्हती, सोय होती. सोयीला गरज म्हणणे, हाच शीलभंगाचा आरंभ होय.