वारुळाचा कुंभार

घरच्या संगणकावर कोणी काम करीत नसताना त्याचा पंखा जोराने फिरू लागतो, प्रोसेसरच्या वापराचा आकडा ८०-९० टक्क्यांवर जाऊन बसतो आणि साधी फाइल उघडायलाही यंत्र ताटकळत ठेवते, तेव्हा त्या घरात जो प्रश्न विचारला जातो, तो भारतीय दर्शनांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे: क्रिया दिसते आणि कर्ता दिसत नाही, अशा वेळी कर्त्याविषयी नेमके किती बोलण्याचा अधिकार पाहणाऱ्याला पोहोचतो?

मीमांसकांनी या प्रसंगासाठी ‘अर्थापत्ती’ नावाचे स्वतंत्र प्रमाण मानले. दिसणारी गोष्ट एरवी जुळतच नाही म्हणून न दिसणारी गोष्ट मानणे भाग पडते, ते ज्ञान म्हणजे अर्थापत्ती. देवदत्त धष्टपुष्ट आहे आणि दिवसा जेवत नाही, त्याअर्थी तो रात्री जेवत असला पाहिजे, हे तिचे ठरलेले उदाहरण होय. नैयायिकांनी तिला वेगळे स्थान न देता अनुमानातच जमा केले, परंतु दोन्ही पक्षांच्या उदाहरणात सिद्ध होते ते रात्रीचे जेवण एवढेच. देवदत्ताने काय खाल्ले, कोणी वाढले, ते चोरीचे होते की हक्काचे, यांपैकी काहीच त्यातून निघत नाही. पंख्याचा आवाज ऐकताच ‘व्हायरस शिरला’ असे जाहीर करणारा मनुष्य नेमका हाच टप्पा गाळतो. कोणती तरी प्रक्रिया, म्हणजे यंत्राच्या स्मृतीत चालू असलेला एखादा कार्यक्रम, प्रोसेसरला राबवीत आहे, इतके त्याला सिद्ध झालेले असते; तिचा हेतू दुष्ट आहे हे त्याने पदरचे घातलेले असते.

विंडोज प्रणालीत चालू प्रक्रियांची यादी दाखवणारे टास्क मॅनेजर हे साधन उघडले, तरी पेच लगेच सुटत नाही. त्याच्या तपशीलवार यादीत ‘सिस्टम आयडल प्रोसेस’ हे नाव ० या क्रमांकाने येते आणि त्यापुढे पुष्कळदा ९० हून मोठा आकडा दिसतो. नवखा माणूस त्यालाच अपराधी समजून बंद करू पाहतो. वास्तविक तो आकडा प्रोसेसर रिकामा असल्याचा आहे. रिकामेपणाला यादीत जागा आणि नाव का द्यावे, याचे उत्तर वैशेषिकांच्या परंपरेत सापडते. प्रशस्तपादाने द्रव्य, गुण, कर्म इत्यादी सहाच पदार्थ मोजले होते. पुढच्या आचार्यांनी ‘अभाव’, म्हणजे एखादी वस्तू नसणे, हा सातवा पदार्थ मानला, कारण ‘जमिनीवर घडा नाही’ या खऱ्या ज्ञानालाही काही विषय असलाच पाहिजे. हिशेब पूर्ण व्हायचा तर शून्यालाही खाते उघडावे लागते. घोटाळा होतो तो या खात्याला कर्ता समजल्याने.

उलट बाजूचा घोटाळा ‘एसव्हीसीहोस्ट’ या नावाने होतो. हे नाव यादीत अनेकदा येते, पण तो केवळ यजमान आहे. अद्ययावतीकरण, जाळ्याशी संपर्क, घड्याळ जुळवणे अशा निरनिराळ्या सेवा त्याच्या आश्रयाने चालतात. नाव कळले आणि कारण कळले नाही, अशी ही स्थिती. मार्क रुसिनोविच यांनी लिहिलेले ‘प्रोसेस एक्सप्लोरर’ हे साधन यजमानाच्या पोटातील सेवा उलगडून दाखवते, हेच त्याचे मोल.

याहून खोल चूक व्याप्तीची आहे. दोन गोष्टींचे कधीही न मोडणारे साहचर्य म्हणजे व्याप्ती: जिथे धूर तिथे अग्नी. मात्र जिथे अग्नी तिथे धूर असे म्हणता येत नाही, कारण धुरासाठी ओले सरपण लागते. न सांगता मध्ये लपलेल्या अशा अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. ‘प्रोसेसर गुंतला म्हणून यंत्र मंदावले’ हे वाक्य असेच सोपाधिक आहे. कमी अग्रक्रमाने चालणारे काम प्रोसेसर जवळजवळ पूर्ण व्यापूनही समोरच्या कामाला वाट देते आणि वापरणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. उलट प्रोसेसर निवांत असताना जुनी फिरती हार्ड डिस्क १०० टक्के गुंतलेली असली, किंवा स्मृती अपुरी पडून यंत्र तिचा मजकूर डिस्कवर ने-आण करीत असले, तर एक खिडकी उघडतानाही जीव मेटाकुटीला येतो. धूळ साचून प्रोसेसर तापला तर तो आपला वेग आपणच कमी करतो. मग तेच काम अधिक वेळ प्रोसेसर अडवते आणि वापराचा वाढलेला आकडा मंदपणाचे कारण न राहता त्याचेच कार्य ठरतो. ओले सरपण कुठे आहे ते न पाहता आगीला दोष देणे, हा घरगुती निदानातील सर्वांत सामान्य हेत्वाभास, म्हणजे हेतूसारखा दिसणारा खोटा हेतू होय.

कालच बसवलेला एखादा नवा प्रोग्राम कित्येकदा कुंभाराच्या गाढवासारखा निघतो: माती वाहून आणली खरी, पण घड्याच्या कारणांत त्याची गणना नाही, न्यायात त्याला ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात. खरे कारण अन्वय-व्यतिरेकाने, म्हणजे ते असताना कार्य होते आणि नसताना होत नाही हे दोन्ही पडताळून ठरते. बाहेरून आलेल्या सेवा बंद ठेवून यंत्र सुरू करणे आणि मग त्या थोड्याथोड्या परत चालू करणे, ही तंत्रज्ञांची रीत त्याच जातीची आहे. ‘फॉरमॅट मारा’ हा गल्लोगल्ली मिळणारा सल्ला कार्य नाहीसे करतो, पण त्याबरोबर पुरावाही पुसतो.

पाहण्याने पाहण्याचा विषय बदलतो, ही आणखी एक अडचण. विंडोजची देखभालीची कामे यंत्र मोकळे दिसले की सुरू होतात आणि माणूस माऊसला हात लावताच थांबतात. दुसऱ्याच्या यंत्रावर चोरून आभासी चलन खणणारे काही घातक प्रोग्रामही टास्क मॅनेजर उघडताच गप्प होतात. सज्जन आणि चोर यांचे वर्तन इथे एकसारखे दिसते, म्हणून निव्वळ लपण्यावरून चोर ओळखता येत नाही.

कार्यावरून कर्ता सिद्ध करण्याचा सर्वांत मोठा भारतीय प्रयत्न ईश्वराविषयीचा आहे. घड्याला कुंभार असतो, त्याप्रमाणे कार्यरूप जगालाही बुद्धिमान कर्ता असला पाहिजे, हा युक्तिवाद उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त समर्थपणे मांडला. त्याच्या कितीतरी आधी, सातव्या शतकात, बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने या वळणाच्या अनुमानावर आक्षेप घेतला होता: मातीचे आहे एवढ्यावरून कुंभार सिद्ध होत असेल, तर वारूळही कुंभारानेच केले म्हणावे लागेल. ईश्वराच्या प्रश्नाचा निकाल एवढ्याने लागत नाही, पण संगणकापुरता वारुळाचा दृष्टांत चपखल बसतो. अद्ययावतीकरण नव्या फाइली लिहिते, विषाणूरोधक प्रत्येक नवी फाइल उघडून तपासतो, शोधसूची बनवणारी सेवा तीच फाइल पुन्हा वाचते, आणि तिघेही एकाच संथ डिस्कच्या दारात खोळंबतात. नैयायिक म्हणेल की या प्रत्येक प्रोग्रामला लिहिणारा बुद्धिमान कर्ता आहेच, आणि ते खरे आहे. परंतु त्यांपैकी कोणीही मंदपणा लिहिलेला नसतो, आणि यादीत त्याच्या नावाची ओळ शोधणारा माणूस वारुळापाशी कुंभाराचे चाक शोधत राहतो.