बांधापलीकडचं मोहोळ

जांभळाला मोहर आला की परसातल्या दोन पेट्यांकडं रोज बघावं लागतं. माझी सातेरी माशी. आग्यासारखी उघड्यावर एकच पोळं बांधणारी नव्हे. ढोलीत नाहीतर पेटीत, अंधारात एकाशेजारी एक पोळी लावणारी. पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगेसारखी घरं लोंबायला लागली की समजायचं, नवी राणी घडतेय, वसाहत फुटणार. ती घरं वेळीच खुडायची, नाहीतर दोन चौकटी काढून वेगळी पेटी करायची. त्या वर्षी लग्नसराईत माझं राहून गेलं.

दहाच्या सुमाराला थवा उठला. ढगासारखा घुमला आणि बांधापलीकडं, धाकट्या भावाच्या आंब्याला घोसासारखा लटकला. वाटणीपासून सात वर्षं आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो.

टोपली घेऊन मी बांधापाशी थबकलो. पेटी माझी, झाड त्याचं. मग थवा कुणाचा? हा प्रश्न जुनाच आहे, हे पुढं वाचनात आलं. सहाव्या शतकात जस्टिनियनच्या रोमन कायद्यात त्याचं उत्तर आहे : उठलेला थवा नजरेच्या टप्प्यात आहे आणि त्याचा पाठलाग फारसा अवघड नाही, तोवर तो मालकाचा, नंतर जो धरेल त्याचा. पण बांधावर उभ्या माणसाला कायद्याचा उपयोग नसतो. समोर भाऊ चूड पेटवून उभा होता.

"पोरं खेळत्यात हितं. हाकलतो."

"थांब. या वेळी सहसा चावत नाहीत. पोटात मध भरून निघालेल्या असतात, राखायला घर नसतं."

तो जरा थांबला. "मग ये की हिकडं."

त्यानं फांदी वाकवून धरली, मी वरनं टोपली धरली. माशा हळूहळू चढल्या. सांजच्याला रिकामी पेटी आणून त्यांना आत घेतलं. मग मी मोठ्या मनानं म्हणालो, "झाड तुझं, तर पेटीबी तुझ्याकडंच राहू दे."

"माशा देतोस व्हय, दादा? विहिरीकडचा तुकडा घेताना थोरलेपण बरं आठवलं हुतं."

मी गप्प घरी आलो. रात्री झोप लागेना. पहिल्या थव्याबरोबर बाहेर पडते ती म्हातारी राणी. बांधलेली पोळी, साठवलेला मध, अंडी-पिल्लं, सगळं मागं ठेवून ती निम्म्या-शिम्म्या कामकरी माशा घेऊन निघते. भरलेलं घर येणाऱ्या लेकीला. आणि मी थोरला म्हणून पाण्याकडचं रान धरून बसलेलो.

पण कीर्तनातल्या दाखल्यासारखं हे सोपं नाही. राणी त्याग करत नाही. निघायच्या आधी कामकरी माशाच तिचं खाणं कमी करतात, तिला हलकी करून उडायला लावतात. तिला दुसरी वाट नाही, म्हणून तिला पुण्यही नाही. मला वाट होती. "थोरल्याचा हक्क, रीतच आहे" असं मी पंचांपुढं म्हणालो, तेव्हा मीही माशीसारखाच, आपोआप वागल्याचं सोंग घेतलं. रीतीनं घेतलं म्हटलं की घेणारा कुणी उरतच नाही. ही पळवाट माशीला ठाऊक नाही, ती माणसाचीच.

तिसऱ्या दिवशी भाऊ बांधावर आला. "दादा, गेल्या माशा." पेटी रिकामी. त्याची ना माझी, रानाची झाली.

आता विहिरीच्या पाण्याची पाळी ठरलीय. तीन दिवस त्याचे, तीन माझे. एक दिवस विहीर भरायला सोडतो. लोक म्हणतात, भाऊ एक झाले. तुकडा मात्र अजून माझ्याच नावावर आहे. जांभळाला पुन्हा मोहर आलाय. पेटी उघडताना खालच्या कडेला बघतो, तेव्हा ते आठवतंच.