जात्याच्या खुंट्यावर दुसरा हात



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक १२

आजचा श्लोक छोटा आहे, पण बोचतो. भगवान यज्ञचक्र समजावून सांगतायत. देव आपल्याला देतात, आपण देवांना द्यायचं, या देवाणघेवाणीवर जग चालतं. आणि मिळालेलं नुसतं उपभोगून जो काहीच परत करत नाही, त्याच्यासाठी भगवंतांनी शब्द वापरलाय ‘स्तेन’. म्हणजे चोर. आळशी नाही, अज्ञानी नाही, सरळ चोर!

आपल्याला मात्र दुसऱ्या अध्यायातला सत्तेचाळिसावा श्लोक जास्त आवडतो. आमच्या ऑफिसात तो कॉफी मशीनच्या वर फ्रेम करून लावलाय. काम करा, फळाची आशा धरू नका. पण हा उपदेश अर्जुनाला त्याच्या स्वतःच्या मनासाठी केलेला आहे. ते औषध ज्याचं त्याने घ्यायचं. आपण ते दुसऱ्याला पाजायला लागलो की गडबड होते. आणि सगळ्यात जास्त आपण ते कोणाला पाजतो? माझ्या मते नर्सेसना. ‘तुमचं काम म्हणजे सेवा आहे हो सिस्टर’, असं म्हटलं की पगार, पाळ्या, माणसांची कमतरता, सगळे विषय एका वाक्यात बंद.

माझी मामेबहीण नर्स आहे. तिची नाइट ड्यूटी रात्री ८ ते सकाळी ८. वॉर्डात ३२ पेशंट. ड्यूटीवर दोघी असायला हव्यात, पण आयसीयूत माणूस कमी पडलं की एकीला तिकडे पाठवतात आणि ताई एकटी उरते. १२ तास म्हणजे ७२० मिनिटं. ३२ ने भागलं तर एका पेशंटला अख्ख्या रात्रीत साडेबावीस मिनिटं. त्यात औषधं, इंजेक्शनं, बीपी, शुगर, सलाइन बदलणं, सगळ्याच्या नोंदी आणि मध्येच एखादी नवीन अ‍ॅडमिशन. जो पेशंट स्वतः हलू शकत नाही, त्याला बेडसोर होऊ नये म्हणून साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, आणि त्याला बहुतेक वेळा दोन माणसं लागतात. ताई रात्री पाणी कमी पिते. कारण विचारलं तर म्हणाली, “अरे, बाथरूमला जायचं तर वॉर्ड कोणावर सोडू?”

आमच्या क्षेत्रात सर्व्हरवरचा लोड वाढला की अलार्म वाजतो आणि दुसरा सर्व्हर जोडला जातो. सर्व्हरला ‘तू समर्पित भावाने काम कर’ असं कोणी सांगत नाही. यंत्राची जी काळजी आपण घेतो, ती माणसाची नको का घ्यायला?

नियम नाहीत असंही नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांप्रमाणे जनरल वॉर्डात ५ पेशंटमागे १ नर्स हवी, शिकवणाऱ्या रुग्णालयात ३ मागे १, आणि आयसीयूत एकास एक. हा आकडा फक्त नर्सच्या सोयीचा नाही. २००२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेच्या रुग्णांत, प्रत्येक नर्समागे एक पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली, आणि नर्सच्या बर्नआउटची २३ टक्क्यांनी. दोघांचं नशीब एकाच दोरीला बांधलेलं आहे.

बर्नआउट म्हणजे नुसता थकवा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची तीन लक्षणं सांगितली: शक्ती संपणं, कामाबद्दल मन तुटणं किंवा कडवटपणा येणं, आणि काम नीट होईनासं होणं. पुढच्या वेळी सिस्टर तुटकपणे बोलल्या तर हे दुसरं लक्षण आठवा. भगवंतांनीही सहाव्या अध्यायात स्पष्ट सांगितलंय, की जो अति जागतो त्याला योग साधत नाही. मग कायम जागं ठेवलेल्या माणसाकडून आपण योग्याच्या शांतीची अपेक्षा कशी करायची?

इथे मला जनाबाई आठवते. नामदेवांच्या घरची दासी. दळण, कांडण, पाणी, शेण्या, सगळं तिच्या अंगावर. पंढरपूरजवळ गोपाळपूरला आजही तिचं जातं दाखवतात. जनी थकली तेव्हा विठोबाने काय केलं? ‘तुझं दळण हीच माझी पूजा’ असं म्हणून तो विटेवर उभा राहिला नाही. तो खाली उतरला, जात्यापाशी बसला आणि खुंट्याला हात लावला. जगाचा मालक दळायला बसला! सेवेचा गौरव कसा करायचा हे त्याने करून दाखवलं.

आपण हात कसा लावायचा? आपलं माणूस अ‍ॅडमिट असेल तर सिस्टरना विचारून भरवणं, पाणी देणं, कूस बदलायला मदत करणं आपण करू शकतो. पण तेवढ्यावर थांबू नका. ऑपरेशनआधी एसी रूमचं भाडं विचारतो तसं हेही विचारा, ‘रात्री किती पेशंटमागे एक नर्स असते?’ फीडबॅक फॉर्मवर ‘सिस्टर छान होत्या’च्या खाली ‘पण संख्येने कमी होत्या’ हेही लिहा. आणि नर्सेस रिकाम्या जागा भरा म्हणून आंदोलनाला बसल्या, तर ‘सेवेत कसले हक्क?’ असं निदान आपल्या घरात तरी कोणाला म्हणू देऊ नका. तो प्रश्न आपल्या आजीच्या कॉटशेजारी रात्री कोणी असणार का, याचाच आहे.

आजची साधना : आजवर कोणाकोणाची सेवा घेतली आणि काय परत केलं, याची एक यादी लिहा. मीही लिहितोय. उद्या श्लोक १३ घेऊ.

रामकृष्णहरी!