फ्यूजच्या जागी तार घालणाऱ्यांनो

फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय म्हणून तुम्ही त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून घातलीत आणि गिऱ्हाइकाला सांगितलंत, "झालं काम, आता उडणार नाही." पैसे घेतलेत, गाडी दिलीत. तो माणूस बायको-लेकराला मागे बसवून औरादच्या रस्त्याला लागला. हे काम तुम्ही केलं असेल, तर तुम्हाला मिस्त्री म्हणवून घेण्याचा अधिकार नाही. मग तुमचं गॅरेज संतपुरात असो, भालकीत असो की उदगीरला.

मोटारसायकलचा मेन फ्यूज साधारण १० ते १५ अँपिअरचा असतो. बॅटरी १२ व्होल्टची आणि दिसायला लहान असली, तरी शॉर्ट झाल्यावर तीच बॅटरी पन्नास अँपिअरच्या वर करंट फेकते. गाडीतल्या बहुतेक वायरी अर्धा-पाऊण चौरस मिलिमीटरच्या आहेत. तेवढा करंट गेला की तांबं लाल होतं, वरचं प्लास्टिक वितळतं, शेजारच्या वायरीही उघड्या पडतात. आणि हे सगळं होतं कुठे? पेट्रोलच्या टाकीखाली, दोन-चार बोटांच्या अंतरावर. फ्यूज वारंवार उडतो तेव्हा तो बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगत असतो: कुठेतरी वायर सोलली आहे आणि चेसिसला लागते आहे. अख्खी चेसिस निगेटिव्ह आहे, हे मी तुम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. सोललेली जागा शोधायला अर्धा तास लागला असता. तेवढाही वेळ तुम्ही त्या माणसाला दिला नाहीत.

सोललेली जागा शोधायला अंदाज बांधत बसावं लागत नाही. सगळ्यात आधी हॅन्डलचा गळा बघायचा. स्विच, हेडलाइट, हॉर्न, चावी, सगळ्यांच्या वायरी तिथूनच मागे जातात, आणि हॅन्डल वळलं की दर वेळी तिथेच वाकतात. आत तांब्याचे बारीक तंतू असतात, ते एकेक करून तुटतात. वरचं प्लास्टिक मात्र धड दिसतं. तुम्ही नुसतं बघता आणि म्हणता, "वायर चांगली आहे." बघून काय कळणार? गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवा, दिवा लावा आणि हॅन्डल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. एका बाजूला दिवा लुकलुकला, हॉर्नचा आवाज बसला किंवा इंजिन अडखळलं, तर दुखणं गळ्यातच आहे. वळणावर गाडी बंद पडते म्हणून कार्ब्युरेटर खोलून बसणारे मी पाहिले आहेत. कार्ब्युरेटर आणि गिऱ्हाईक, दोघांनाही विनाकारण शिक्षा.

आणि या गळ्याचा घात बहुतेक वेळा गॅरेजातच होतो. कोनसेट बदलताना वायरिंग बाजूला घेता, परत बसवताना क्लचच्या केबलखाली दाबून टाकता. कंपनीची क्लिप फरशीवर पडून राहते, तिच्या जागी केबल टाय येतो, तोही ताकद लावून आवळलेला. बैलाचा खांदा सुजला तर इथला कुठलाही शेतकरी जू बघतो, कुठे घासतंय ते शोधतो, त्या दिवशी औत सोडतो. तेवढी नजर तुम्ही गाडीच्या मानेला का देत नाही? हॅन्डल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवल्यावरही वायरिंग सैल राहिलं पाहिजे, ताणायला नको, कशावर घासायला नको. ते तसं राहतं की नाही, हे हॅन्डल फिरवून पाहिल्याशिवाय टाकी बसवायची नाही.

आता तुमचे जोड. दातांनी वायर सोलायची, दोन टोकं पिळायची, वर काळी टेप. मे महिन्यात बीदरच्या उन्हात त्या टेपचा गोंद वाहून जातो. जूनमध्ये मृगाचा पहिला पाऊस आत शिरतो. त्यात पेरणीचे दिवस. टाकीवर युरिया किंवा डीएपीची गोणी आडवी, फाटक्या गोणीतलं खत सांडतंय, पाण्यात विरघळतंय. अमोनियाचे क्षार तांब्याला खातात. दिवाळीपर्यंत तो जोड हिरवा-काळा होऊन बसतो.

हिरव्या जोडाने काय होतं, ते आकड्यांत ऐका, कारण शब्दांनी तुम्ही ऐकत नाही. हेडलाइटचा साधा ३५ वॅटचा बल्ब सुमारे ३ अँपिअर करंट घेतो. खराब जोडात नुसता अर्धा ओहम रोध आला, तर दीड व्होल्ट तिथेच खर्च होतो आणि साडेचार वॅट उष्णता त्या जोडात तयार होते. बल्बला १२ ऐवजी साडेदहा व्होल्ट मिळतात आणि हॅलोजनचा प्रकाश एक तृतीयांशाहून जास्त घटतो. मालक म्हणतो, उजेड कमी आहे. तुम्ही जोड न बघता ९०-१००चा बल्ब घालून देता. आता त्याच बारीक वायरीतून, त्याच स्विचमधून ७-८ अँपिअर जातात. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या गाड्यांत इंजिन चालू असेपर्यंत हेडलाइट जळतोच, म्हणजे हा भार दिवसभराचा. महिन्याभरात स्विच वितळतो आणि तुम्ही म्हणता, माल डुप्लिकेट निघाला. माल चांगला होता. जास्त करंटचं काही बसवायचंच असेल, तर बॅटरीपासून वेगळी जाड वायर ओढा, तिला तिथेच वेगळा फ्यूज लावा आणि मध्ये रिले घाला. एवढं करायची तयारी नसेल, तर नाही म्हणायला शिका.

जोड द्यायचाच तर नीट द्या. सोलायला पक्कड वापरा, एकही तंतू तुटता कामा नये. आधी स्लीव्ह ओवून ठेवा, मग डाग द्या किंवा थिंबल दाबा, मग स्लीव्ह गरम करून बसवा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, जी जुने मिस्त्रीसुद्धा विसरतात: जिथे वायर हलते, वाकते, तिथे डाग द्यायचा नाही. कथील वायरीत चढतं, तेवढा भाग ताठ होतो आणि तो जिथे संपतो तिथेच वायर मोडते. गळ्यात जोड नकोच. तिथली वायर तुटली असेल तर तुकडा न जोडता दोन्ही बाजूंनी मागे जाऊन सलग नवी वायर ओढा, त्याच रंगाची. लाल वायरीला काळी जोडून पुढच्या मिस्त्रीला फसवू नका.

मागच्या दिव्याबद्दल तर मला जास्तच राग आहे. कॅरिअरवर कडब्याच्या पेंढ्या, दुधाचे कॅन, औषध मारायचा पंप. सस्पेन्शन दबतं, मडगार्ड खाली येतं आणि क्लिपमधून सुटून लोंबणारी दिव्याची वायर टायरला घासते. पुढचा दिवा गेला तर चालवणाऱ्याला लगेच कळतं. मागचा गेलेला त्याला कळतच नाही, तो मागून येणाऱ्या लॉरीला दिसायला हवा असतो. बीदर-औराद रस्त्यावर रात्री उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या, लॉऱ्या एकाच पट्टीतून जातात. गाडी कशासाठीही गॅरेजात आली तरी मडगार्डखाली हात घालून ती वायर चाचपायची. हे काम बिलात लिहू नका. करा मात्र.

उंदीर सोयाबीनच्या पोत्यांशेजारी लावलेल्या गाडीच्या सीटखाली घर करतात आणि वायरी कुरतडतात, ते सीट काढल्याशिवाय दिसत नाही. धुताना जोराच्या पाण्याचा पाइप कपलरवर धरू नका. एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांत इंधनाचं सगळं गणित ईसीयू करतो; त्याच्या सेन्सरच्या वायरीत टेस्ट लॅम्प टोचणारा हात मी पाहिला तर त्या दिवशी काम बंद. तिथे मल्टिमीटरच वापरायचा.

मालकांनो, तुम्हीही ऐका. "भाऊ, डायरेक्ट करून टाका" हे वाक्य तुम्हीच या पोरांना शिकवलंत. टायरला पैसे आहेत, सीट कव्हरला आहेत, फुग्याच्या आवाजाच्या हॉर्नला आहेत. पाच मीटर चांगल्या वायरीला नाहीत?

पोरांनो, तुमचे हात चांगले आहेत, म्हणूनच एवढं बोललो. ज्याला काही येतच नाही त्याच्यावर कोणी घसा कोरडा करत नाही. आज संध्याकाळी आपापल्या गाडीचं सीट काढा. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी सोडवा, मग फ्यूजची डबी उघडा. आत चांदी, तार किंवा हिशेबाबाहेरचा जाड फ्यूज सापडला, तर ती गाडी चालू करू नका. उद्या ढकलत माझ्याकडे आणा.